बोरूचे राज्य

फडणीस, चिटणीस, सबनीस, वाकनीस. पुण्यात आज ही नुसती दारावरच्या पाटीची आडनावे आहेत. पण सगळ्यांच्या शेपटाला फारसीतला एकच शब्द चिकटला आहे, नवीस, म्हणजे लिहिणारा. ज्या दरबाराने हुद्देच लेखणीवरून ठेवले, तिथे हस्ताक्षर ही निव्वळ सोय होती हे मला पटत नाही. चीनच्या तांग दरबारात नेमणुकीआधी उमेदवाराचे रूप, बोलणे आणि निवाडा यांच्या जोडीला अक्षरही पारखत. तिथल्या पंडित-अधिकाऱ्याचे अक्षर कला ठरले, आमच्याकडचे मात्र कारकुनी. ही तफावत बरीचशी पाहणाऱ्याच्या नजरेतली आहे.

या दरबारी लेखणीची लिपी मोडी; तिचा कागद जवळून पाहावा. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि अक्षरे तिला टांगत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही. एका अक्षराची शेपटी वळून पुढच्याचे डोके होते. ऱ्हस्वदीर्घाला फाटा, शब्दांमध्ये अंतर नाही. यावर कुणी म्हणेल, हा तर घाईचा मामला, यात सुलेखन कसले? पण नुसत्या घाईला घराणी नसतात. मोडीच्या वळणांना चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती अशी नावे पडली, कारण जाणकाराला हात ओळखू येत होता. आजही तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरवताना अभ्यासक वळण बघतात. शिवाय घाई हा दोषच म्हणावा, तर चिनी सुलेखनाचा निम्मा वैभवकाळ पुसावा लागेल. यान चेनछिंग हा तांग काळातला मोठा अधिकारी. बंडखोरांनी मारलेल्या पुतण्यासाठी ७५८ साली त्याने शोकलेखाचा मसुदा लिहिला. त्यात खाडाखोड आहे, शाई सुकत गेलेली दिसते, आणि नेमका तोच कागद तिथे शिरोधार्य मानतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चीनमध्ये बादशहा अक्षरे जमवत, त्यांच्या नकला करवत; पेशवाईत कारकुनाचे पत्र कुणी भिंतीला लावले नाही. हे कबूल. आपल्याकडे लेखणी हे सत्तेचे हत्यार होते, दिवाणखान्याची शोभा नव्हे. मात्र हत्याराचीही पारख असतेच. सही करण्याची चाल नव्हती, तेव्हा मुख्य मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटचे दोनचार शब्द धन्याच्या हातचे, अशी पत्रे सापडतात. म्हणजे वळण हीच ओळख. हाताच्या ओळखीची हीच ताकद चीनच्या सोंग राजवटीला धोक्याची वाटली, म्हणून परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिका लेखनिकांकडून पुन्हा उतरवून घेऊन मगच परीक्षकांपुढे ठेवत. नाना फडणीस (१७४२–१८००) यांचा दरारा तलवारीचा नव्हता. पानिपतातून जीव वाचवून परतलेल्या या माणसाने पुढे आत्मवृत्त लिहिले आणि उरलेले आयुष्य हिशेब, नोंदी आणि पत्रे यांवर कारभार चालवला. चीनमध्ये अशा माणसाला सुलेखक म्हणताना कुणी अडखळले नसते.

मग आपली नजर कुठे चुकली? माझ्या मते छापखान्यात. छपाईने बाळबोध उचलली, मोडी कचेऱ्यांत आणि वह्यांत मागे राहिली. १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. केवढे तरी मोलाचे काम. त्याविना आपला इतिहास लंगडा राहिला असता. पण धन्याच्या हातचे शब्द आणि कारकुनाचे शब्द तिथे एकाच खिळ्यांत बसले.