तळटीप १७ : ‘चौदा वर्षांचा माहितीपट’

मूळ लेखातला उल्लेख आनंद पटवर्धन (जन्म १९५०, मुंबई) यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या सुमारे तीन तासांच्या माहितीपटाचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांना ते परके नव्हते. ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्टीवासीयांवरच्या त्यांच्या माहितीपटात घोगरे गायले होते. मित्राच्या मृत्यूचा अर्थ शोधताना कॅमेरा वस्त्यांमधल्या शाहिरांपर्यंत, कबीर कला मंच या सांस्कृतिक गटापर्यंत जाऊन पोहोचला, आणि जो इतिहास दप्तरांत नाही तो गाण्यांत सापडला. लेखकाने ‘चिकाटी’ हा शब्द वापरला आहे. संपादकाला तो अपुरा वाटतो. गोळीबाराचा न्यायालयातला खटला रेंगाळत होता, तेवढी वर्षे हा माणूस त्याच वस्तीत परत परत जात राहिला.

पटवर्धनांची सुरुवात बिहार आंदोलनावरच्या ‘क्रांती की तरंगें’ने झाली. आणीबाणीत त्याची प्रिंट तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. ‘राम के नाम’ (१९९२) आणि ‘वॉर अँड पीस’ (२००२) दाखवण्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘वसुधैव कुटुंबकम्’मध्ये (२०२३) ते स्वतःच्या घराकडे वळले; स्वातंत्र्यसैनिक अच्युत आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका.