फुकटचा खेळ

मार्च 1957. तुम्ही सिलोनमध्ये, केलानी नदीच्या काठावर दगडाआड बसला आहात. गाव कितुलगल. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. वर पाहिलंत तर त्याचे झुबके ओळखीचे वाटतील. शर्ट पाठीला चिकटलाय. समोर नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लाकडी पूल उभा आहे. काल तुम्ही त्याच्या खांबाला हात लावून पाहिलात. अख्खाच्या अख्खा बुंधा, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. असे शेकडो ओंडके रानातून ओढून आणायला हत्ती लागले आणि इथली माणसं लागली. आता त्या खांबांना सुरुंग बांधलेत.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चं चित्रीकरण चाललंय. दिग्दर्शक डेव्हिड लीनला खऱ्या पुलावरून जाणारी खरी गाडी हवी आहे आणि ती खरोखर नदीत कोसळायला हवी आहे. दुसरी संधी नाही.

खरं तर हे कालच उरकायचं होतं. पंतप्रधान बंडारनायके मुद्दाम बघायला आले होते. ठरलं असं की, कॅमेरे सुरू करून प्रत्येकानं आडोशाला जायचं, तिथलं बटण दाबायचं, म्हणजे लीनच्या समोर त्याच्या नावाचा दिवा लागेल. सगळे दिवे लागले की स्फोट. गाडी आली, चालकानं ठरल्याप्रमाणे बाहेर उडी टाकली, आणि एक दिवा लागलाच नाही. कुणी एक माणूस अजून उघड्यावर असेल! लीननं स्फोट थांबवला. बिनमाणसाची गाडी पूल ओलांडून गेली आणि पलीकडच्या जनरेटरवर जाऊन आदळली. कित्येक महिन्यांची मेहनत आणि अमाप पैसा पणाला लागला होता, तरी एका माणसासाठी हात आवरला गेला. मला लीनच्या सगळ्या कामात हा क्षण फार मोठा वाटतो.

रात्रभर खपून गाडी पुन्हा रुळांवर आणली आहे. शिट्टी ऐकू येते. इंजिन पुलावर चढतं, आणि तुमच्या पाठीचा दगड हादरतो. ओंडके काड्यांसारखे उडतात, डबे एकामागून एक पाण्यात जातात, धूर झाडांत अडकून राहतो. मग लोक ओरडू लागतात.

आता चौदा वर्षं मागे चला.

मलाया, 1943. जपान्यांचा अंमल. तुम्ही रबराच्या मळ्यावरचे तमिळ मजूर आहात. गावात दवंडी पिटली गेली आहे: आज थिएटरात सिनेमा फुकट. कितीतरी दिवसांत करमणूक म्हणून काही नाही. तुम्ही भावाला घेऊन जाता, गर्दीतून वाट काढून बाकावर जागा धरता. हॉल भरतो आणि बाहेरून दारं बंद होतात. तिथून पुरुषांना थेट सयामकडे जाणाऱ्या गाडीत भरतात. असं मलायात खरोखर घडलं आहे.

चित्रपटातला पूल ज्यावरचा आहे तो, सयाममधल्या बान पाँगपासून ब्रह्मदेशातल्या थनब्युझयातपर्यंतचा 415 किलोमीटरचा लोहमार्ग जपान्यांनी साधारण वर्षभरात रेटून पुरा केला. दोस्त राष्ट्रांचे साठ हजारांवर युद्धकैदी त्यावर राबले, बारा हजारांहून अधिक मेले. त्यांच्यात अधिकारी होते, डॉक्टर होते, चोरून याद्या ठेवणारे होते. फिलिप टूसी नावाच्या त्यांच्या एका कर्नलच्या माणसांनी तर वाळवी गोळा करून पुलाच्या लाकडांत सोडली. पडद्यावरचा कर्नल मात्र तो पूल अभिमानानं बांधतो.

तुमच्या छावणीत यादी ठेवणारं कुणी नाही. पटकीची साथ येते तेव्हा औषध नाही, शेजारचा उठत नाही हे सकाळी कळतं. तमिळ, मलायी, ब्रह्मी, जावानीज मजुरांचे मृत्यू मोजलेच गेले नाहीत, म्हणून त्यांचे फक्त अंदाज आहेत. नव्वद हजार हा त्यांतला नेहमी दिला जाणारा.

चित्रपट मला अतिशय आवडतो. अ‍ॅलेक गिनेसची कर्नलच्या भूमिकेतली ती ताठ, अडखळती चाल विसरता येत नाही. पण ज्यांनी सर्वांत जास्त जीव दिले, त्यांना त्या कथेत जागाच नाही, आणि ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देणं मला जमत नाही. चित्रपटाच्या पुलासाठी ओंडके ओढले आशियातल्याच माणसांनी. पडद्यावर त्यांचं लाकूड दिसतं.

लंडन, ऑक्टोबर 1957. तुम्ही मऊ खुर्चीत बसला आहात. पूल कोसळतो, गाडी नदीत जाते, दिवे लागतात. लोक कोट सावरत उठतात. कुणीतरी कैद्यांच्या कूचगीताची धून शिट्टीवर वाजवू लागलंय. तुम्ही दाराकडे बघता. दारं उघडी आहेत.