टंगस्टनची भिंत : उष्णतेत उत्तीर्ण, न्यूट्रॉनपुढे उभी

विजेच्या दिव्यातील तारेमुळे टंगस्टन आपल्या ओळखीचा आहे. तो ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणजे संमीलन भट्टीच्या भिंतीसाठी याहून योग्य धातू कोणता? तरीही एकदा त्याला तेथून बाहेर काढण्यात आले होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या टोकामॅकमध्ये टंगस्टनचे भाग बसविले, तेव्हा त्यांतून सुटलेले अणू प्लाझ्माच्या गाभ्यात शिरले. या अणूत ७४ इलेक्ट्रॉन असतात. इतक्या उष्णतेतही ते सगळे सुटत नाहीत. उरलेल्यांमुळे अणू प्रारणरूपाने ऊर्जा उधळीत राहतो आणि गाभा थंडावतो. मग कार्बन आला. परंतु त्याने दुर्मीळ आणि किरणोत्सारी ट्रिटियम स्वतःतच साठवून ठेवण्यास सुरुवात केली. म्हणून टंगस्टन परतला. जर्मनीतील गार्चिंग येथील ‘आस्डेक्स अपग्रेड’ची आतली भिंत २००७ पर्यंत टप्प्याटप्प्याने टंगस्टनची झाली, आणि २०१३ मध्ये फ्रान्समधील ‘ईटर’ने सर्वाधिक उष्णता झेलणाऱ्या तळभागासाठी, म्हणजे डायव्हर्टरसाठी, तोच निवडला.

या निवडीत न्यूट्रॉनची परीक्षा मात्र बाकी राहिली. ड्यूटेरियम-ट्रिटियम संमीलनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा १ कोटी ४१ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. टंगस्टनचा अणू जागेवरून उखडण्यास सुमारे ९० पुरतात. उखडलेला अणू शेजाऱ्यांवर आदळतो, ते पुढच्यांवर. बहुतेक अणू क्षणार्धात पुन्हा स्थिरावतात. काही मात्र कायमचे स्थानभ्रष्ट होतात आणि मागे रिकाम्या जागा उरतात. त्या जागांत नेमका ट्रिटियमच अडकतो. ज्या दोषापायी कार्बन गेला, तोच येथे मागच्या दाराने येतो! शिवाय न्यूट्रॉन शोषून काही टंगस्टनचे रेनियम आणि पुढे ऑस्मियम बनते, आणि मुळातच ठिसूळ असलेला धातू अधिक ठिसूळ होतो.

भारत २००५ पासून ‘ईटर’चा भागीदार आहे, त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे. १९८९ मध्ये ‘आदित्य’ टोकामॅक सुरू करणाऱ्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यासाठी पर्यायी वाट धरली : नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात टंगस्टनच्या पातळ पत्र्यांवर सोन्याच्या जड आणि बोरॉनच्या हलक्या आयनांचा मारा करायचा, आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आतली मोडतोड पाहायची. वाट चतुर आहे, पण अपुरी. आयन काही मायक्रोमीटरच खोल जातात आणि रेनियम निर्माण करीत नाहीत. न्यूट्रॉन मात्र काही मिलिमीटर जाडीचा संपूर्ण ठोकळा पोखरतो. संमीलनासारखे न्यूट्रॉन पुरेशा संख्येने देणारे यंत्र स्पेनमधील ग्रानाडाजवळ उभारले जात आहे. ते सुरू होईपर्यंत आयनांनी दिलेली उत्तरे अंतरिमच मानावी लागतील.