गोठ्यातील रेघ

देवणी (लातूर) आणि लाल कंधारी (नांदेड) या गोवंशाच्या जाती आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. त्याच गोठ्यात म्हैस असते, अंगणात उस्मानाबादी शेळी. यांतले कोण कापायचे, हे ठरले कसे?

१९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गाय व वासरे यांच्या कत्तलीस बंदी घातली. बैल मात्र शेतकामास निरुपयोगी झाल्याचा दाखला मिळाला की कापता येई. कसोटी होती उपयोगाची. जनावराला काय वाटते याची नव्हे. २०१५ च्या दुरुस्तीने बैलही वाचला. म्हशीला दाखल्याचीच अट राहिली; शेळी या कायद्यात नव्हतीच.

विज्ञानाची रेघ निराळी. सतराव्या शतकात देकार्तला प्राणी यंत्रवत वाटत. डार्विनने १८७१ मध्ये माणसाच्या व वरच्या प्राण्यांच्या मनांतला फरक कमीअधिकपणाचा मानला, प्रकाराचा नव्हे. २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्याने तर जाणिवेला लागणारी मेंदूरचना सर्व सस्तन प्राण्यांत व पक्ष्यांत असल्याचे सांगितले. म्हणजे बैल, म्हैस, शेळी, आणि हो, कोंबडीसुद्धा!

दुष्काळात कडबा संपला, की म्हाताऱ्या बैलाच्या धन्यापुढे दोन्ही रेघा एकदम उभ्या राहतात. कत्तल टळली तरी उपासमार टळत नाही, आणि तीही त्या बैलाला जाणवतेच.