ग्रँड टर्कची मिठागरे

बहामाच्या आग्नेयेला आणि हैतीच्या उत्तरेला असलेली टर्क्स आणि केकोस बेटे आजही ब्रिटनच्या ताब्यात आहेत. जमीन सपाट, चुनखडीची. पाऊस बेताचा, नदी एकही नाही. त्यातल्या ग्रँड टर्क, सॉल्ट के आणि साउथ केकोस या तीन बेटांवर एकच पीक भरघोस आले, ते मिठाचे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्म्युडाचे खलाशी इथे मिठासाठी येऊ लागले. सुरुवातीला ते हंगामापुरते राहत आणि काढलेले मीठ गलबतांत भरून उत्तर अमेरिकेच्या वसाहतींत नेऊन विकत. तिथे मासळी व मांस खारवायला ते लागे. समुद्राचे पाणी दारे उघडून उथळ तळ्यात घ्यायचे, आटून दाट झाले की दगडी बांधांच्या कोंड्यांत सोडायचे, पुढचे काम ऊन आणि सतत वाहणारा पूर्वेचा वारा करी. तळाशी खडे जमले की दंताळ्यांनी ओढून काठावर ढीग घालत. अवकाळी सर आली की सगळे विरघळून जाई. पाऊस कमी पडावा म्हणून या लोकांनी बेटांवरची झाडेच तोडली. आजचे उघडेबोडकेपण बरेचसे त्यांच्यामुळे आहे.

दंताळे मालकाच्या हातात मात्र नसे. मेरी प्रिन्स ही बर्म्युडात गुलामीत जन्मलेली स्त्री एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्रँड टर्कला विकली गेली. पहाटेपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहायचे, वर रणरणते ऊन, आणि पायांच्या फोडांत मीठ हाडापर्यंत झोंबत जायचे, असे तिने पुढे सांगितले. तिची कहाणी १८३१ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्यांपुढे मिठागरांखेरीज फारसे दुसरे काम नव्हते.

एवढ्याशा बेटांवर सत्तेची ओढाताण मात्र बरीच झाली. १७८३ मध्ये फ्रेंचांनी ग्रँड टर्क घेतले. ते परत मिळवायला गेलेला तरुण कप्तान होरेशियो नेल्सन हात हलवत परतला. तहानंतर बेटे ब्रिटिशांकडे आली आणि १७९९ मध्ये बहामाला जोडली गेली. मिठावरचा कर बहामाच्या राजधानीला, दूरच्या नासाऊला जातो, ही मिठागरवाल्यांची तक्रार रास्तच होती. १८४८ मध्ये त्यांना वेगळा कारभार मिळाला, पण तो झेपला नाही आणि १८७४ मध्ये बेटे जमैकाला जोडली गेली. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाल्यावर ती पुन्हा थेट ब्रिटनच्या अखत्यारीत आली.

वसाहतीच्या जुन्या बोधचिन्हात मिठाचे ढीग होते. लंडनमधल्या चित्रकाराने ते बर्फाची घरे समजून एका ढिगाला दार काढले, असे सांगतात. दार चुकीचे होते, तरी ते कित्येक दशके निशाणावर फडकत राहिले.

यंत्रांनी काढलेल्या स्वस्त मिठापुढे हा धंदा टिकला नाही. १९६० च्या दशकात तो जवळजवळ संपला. आता बेटे पर्यटनावर जगतात. परदेशी विमाने मुख्यतः प्रॉव्हिडेन्शियालेस बेटावर उतरतात आणि तिथून छोट्या विमानाने ग्रँड टर्क गाठता येते. चलन अमेरिकन डॉलर, पण वाहने ब्रिटिश रीतीने डावीकडून चालतात. राजधानी कॉकबर्न टाउन ग्रँड टर्कवरच आहे. गावामागे जुन्या कोंड्यांचे दगडी बांध दिसतात, तर सॉल्ट केवर पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांचे अवशेष उभे आहेत.