तळाच्या ओळीची कुळकथा

वर्तमानपत्राच्या अंकात एका पानाच्या अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ असते: 'हे पत्र मालक अमुक यांच्याकरिता तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले.' वाचक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पोलीस आणि वकील मात्र आधी तीच वाचतात. धंद्यात तिला 'प्रिंटलाइन' म्हणतात.

तिचा जन्मच मुळी संशयातून झाला. 1799 साली कंपनी सरकार टिपूशी लढत होतं. त्या धामधुमीत गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याच्या पत्रांना नियम घातले. मुद्रकाने अंकाच्या तळाशी नाव छापावं, संपादक आणि मालकाने नाव-पत्ता सरकारला कळवावा, मजकूर आधी तपासून घ्यावा. आणि हो, रविवारी अंक काढू नये! नियम मोडणाऱ्या युरोपियनाची रवानगी थेट मायदेशी. ही पूर्वतपासणी 1818 साली उठली, पण नावाचा जाच 1867 च्या कायद्यात पक्का झाला. मॅजिस्ट्रेटपुढे 'डिक्लरेशन' करायचं. त्याची नक्कल कोर्टात आली की अंकातल्या ओळन् ओळीचा धनी सही करणारा. तसं नसेल, तर ते त्यानेच सिद्ध करायचं.

15 जून 1897 च्या 'केसरी'त शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली, खाली नुसतं टोपणनाव. आठवड्याने पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारचं लक्ष त्या अंकाकडे वळलं. खटला उभा करायला कवी सापडण्याची गरजच नव्हती. आरोपी दोन: संपादक टिळक आणि मुद्रक केशव महादेव बाळ. बाळ सुटले, टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. संपादकाचं नाव अंकावर छापण्याची सक्ती तर पुढे 1922 मध्ये आली.

पकडायला माणूस हवा म्हणून सरकारने ही ओळ लादली, पण मला पत्रकारितेची याहून नेमकी व्याख्या सापडलेली नाही. लिहिणारा कोणीही असो, जबाब द्यायला एक माणूस नावानिशी उभा. 'संपादक या मतांशी सहमत असतीलच असे नाही' ही पुस्ती पुढे जोडतात खरी, पण कोर्टात तिचा फारसा उपयोग होत नाही.

1 मार्च 2024 पासून 1867 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. मॅजिस्ट्रेटपुढचं डिक्लरेशन गेलं, नोंदणी ऑनलाइन झाली. अंकाच्या तळाची ओळ अजून आहे. फोनवर 'बातमी' आली, तर पुढे ढकलण्याआधी तिच्याखाली कोणाचं नाव आहे, तेवढं बघा.