डायमंड मेंबर बाळ्या आणि कॅसिनोच्या पॉइंट्सचा इतिहास

मागच्या भागाचा हा लिखित मजकूर. बऱ्याच जणांचे मेसेज आले, 'दादा, आकडे लय पटापट बोललास', म्हणून इथे आकडे जरा सावकाश मांडलेत. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टीही घातल्यात.

सुरुवात माझ्या एका मित्रापासून करतो. त्याला आपण बाळ्या म्हणू. वाळूजला शिफ्टमध्ये काम करतो. रात्रपाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाईलवर पैशांची रमी खेळायचा. तीन वर्षं. ज्या ॲपवर खेळायचा त्यावर तो 'डायमंड' लेव्हलला पोचला होता. वाढदिवसाला सकाळी पहिला फोन त्या ॲपवाल्यांचा यायचा, 'सर, विश यू...' वगैरे. सख्ख्या भावाच्या आधी. एकदा ब्लूटूथ स्पीकर घरी आला, फुकट. आईला त्याने सांगितलं, कंपनीत बक्षीस मिळालं.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. बाळ्याच्या खात्यातले शिल्लक पैसे परत मिळाले. पॉइंट्स आणि डायमंड मात्र गेले. मला फोन करून तो काय म्हणाला माहितीये? 'यार, माझी लेव्हल गेली.' पैसे गेले असं नाही म्हणाला. लेव्हल गेली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. ही 'लेव्हल' नावाची गोष्ट आली कुठून? आणि रोज खेळणाऱ्याला तिच्यातून नक्की मिळतं काय?

जुगार आपल्याकडे नवीन नाही, हे सांगायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही. वेरूळला गेलात तर सगळे कैलास लेणं बघून परत फिरतात. पुढच्या वेळी २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात जा. तिथे शिव-पार्वती सारीपाट खेळतायत आणि खाली नंदीभोवती गणांचा गोंधळ चाललाय. खुद्द महादेवाला हरताना दाखवायची आपल्या लोकांना लाज वाटली नाही.

पण खेळ वेगळा आणि खेळाचा अड्डा चालवणं हा धंदा वेगळा. त्या धंद्याचे नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतात. तिथे द्यूताध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी व्हायचा, दुसरीकडे खेळलात तर १२ पण दंड. जिंकणाऱ्याकडून अध्यक्ष शेकडा ५ घ्यायचा. त्याशिवाय फाशांचं भाडं, जागेचं भाडं, आणि पाण्याचेसुद्धा पैसे. हे पाणी लक्षात ठेवा. अड्डेवाला पाण्याचे पैसे घेत होता. आज मांडवीतल्या बोटीवर व्हिस्की पॅकेजमध्येच येते. मधल्या काळात अड्डेवाला दानशूर झाला का?

तर नाही. मध्ये त्याला गणित सापडलं.

ते सापडायच्या आधीचा आपला मराठी नमुना म्हणजे मटका. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर आकडा लागायचा. १९६१ मध्ये ते बंद पडलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी'. तिथून आकडा महाराष्ट्रभर पसरला, आपल्या गुलमंडीपर्यंत. शून्य ते नऊ, दहा आकडे. रुपया लावा, लागला तर नऊ रुपये. दहातला एक चान्स आणि नऊ रुपये, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे अड्ड्याचे. इथे ना कार्ड, ना पॉइंट, ना लेव्हल. नेहमीच्या गिऱ्हाईकाला मिळायचं ते एकच, आकडा लागला तर पैसे बुडणार नाहीत हा भरवसा. धंदा बेकायदा, पोलिसात जायची सोय नाही, म्हणून शब्दालाच किंमत. पत्ते लोकांसमोर काढायचे ते त्याचसाठी. एका अर्थाने तिथे अड्डेवाला गिऱ्हाईकाशी 'लॉयल' होता. मी मटक्याचं कौतुक करत नाहीये हं, त्याने गिरणगावात आणि आपल्याकडेही किती संसार उठवले ते घरोघरी माहीत आहे. फक्त फरक सांगतोय.

आता लास वेगास. तिथे सुरुवातीला फुकट खोली, फुकट जेवण हे सगळं मॅनेजरच्या नजरेवर चालायचं. बेनी बिनियन नावाच्या कॅसिनोवाल्याने मशीनवर नाणी टाकणाऱ्या साध्या लोकांनाही फुकट दारू द्यायला सुरुवात केली म्हणून तो गाजला. एरवी मोठा डाव लावणाऱ्यालाच मान. छोटा माणूस किती हरला, कोण मोजणार?

मोजणारी गोष्ट १९८० च्या दशकात आली, मॅग्नेटिक पट्टीचं कार्ड. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैलांचे पॉइंट्स सुरू केले होते. कॅसिनोंनी तसंच कार्ड मशीनमध्ये घालायला लावलं. खेळणाऱ्याला वाटलं, आपले पॉइंट्स जमतायत. कॅसिनोला कळलं, हा माणूस किती वाजता येतो, किती लावतो, किती वेळ बसतो.

यातली खरी उडी हॅराज कंपनीची. १९९७ मध्ये त्यांनी सगळ्या कॅसिनोंमध्ये चालणारं एकच कार्ड काढलं. १९९८ मध्ये गॅरी लवमन नावाचे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कंपनीत आले, पुढे प्रमुखच झाले. त्यांनी डेटा उपसला आणि जे निघालं ते २००३ मध्ये स्वतःच लेख लिहून सांगितलं. येणाऱ्यांपैकी २६ टक्के लोक ८२ टक्के उत्पन्न देत होते. आणि हे २६ टक्के म्हणजे लिमोझिनमधून उतरणारे शेठ नव्हेत. निवृत्त शिक्षक, मशिनिस्ट, बँकवाले, डॉक्टर. कामावरून घरी जाताना तासभर थांबणारे. बाळ्या, थोडक्यात. फक्त बसऐवजी कार.

मग त्यांच्यासाठी गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड असे थर लावले. डायमंडची रांग वेगळी, आणि ती मुद्दाम गोल्डवाल्यांना दिसेल अशी. रांगेत उभ्या माणसाला पुढची पायरी दिसली पाहिजे ना! पुढे तर असंही केलं की माणूस किती हरला की उठून जातो आणि परत येत नाही याचा अंदाज मशीन लावायचं. त्या टोकाजवळ माणूस आला की कॅसिनोचा एक हसतमुख कर्मचारी येऊन जेवणाचं कूपन हातात द्यायचा. 'आज तुमचा दिवस दिसत नाही, जेवून या.' किती बरं वाटत असेल!

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी एका दुकानांच्या साखळीसाठी पॉइंट्सच्या सिस्टिमवर दीड वर्ष कोड लिहिलाय. कॅसिनोचा नाही, किराणा-कपड्यांचा. पण यंत्र तेच. ग्राहकाच्या ॲपवर ज्याला 'तुमचे रिवॉर्ड्स' म्हणतात त्याला हिशोबात 'लायबिलिटी' म्हणतात, देणं. आणि जे पॉइंट्स कोणी वापरतच नाही, मुदत संपून मरतात, त्याला 'ब्रेकेज' म्हणतात. महिन्याच्या मीटिंगमध्ये ब्रेकेज वाढलं की लोक खूश. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं, नंतर सवय झाली.

कॅसिनोचा हिशोब याच्याही पुढचा. समजा तुम्ही रुलेटवर बसलात. चाकावर शून्य धरून ३७ खाने. एका आकड्यावर रुपया लावून जिंकलात तर तुमचा धरून ३६ परत. एक खाना अड्ड्याचा, म्हणजे २.७ टक्के. तुम्ही दर डावाला ५०० लावता, तासाला ४० डाव, चार तास बसलात. एकूण ८०,००० रुपये टेबलावरून फिरले. त्याचे २.७ टक्के म्हणजे २,१६०. हा तुमचा 'अपेक्षित तोटा'. कॅसिनोच्या कार्डावर तुमची किंमत हीच. त्या दिवशी तुम्ही प्रत्यक्षात १०,००० जिंकलात की हरलात, याने तिच्यात फरक पडत नाही. या २,१६० मधला काही हिस्सा, समजा ३० टक्के, तुम्हाला जेवण-खोलीच्या रूपात परत. झाले ६४८ रुपये. तेही रोख नाही, त्यांच्याच हॉटेलात.

सगळी निराशा इथून निघते. माणूस म्हणतो, 'मी पाच वर्षं येतोय, एवढे हरलो, यांना काही किंमत आहे का?' पण कार्डाने त्याची वर्षं कधी मोजलीच नव्हती. त्याचा येत्या काळातला अपेक्षित तोटा मोजला होता. येणं कमी झालं, डाव लहान झाला की लेव्हल खाली. ओमाहाच्या एका उद्योजकाने २००७ या एका वर्षात लास वेगासमध्ये सुमारे १२.७ कोटी डॉलर घालवले. त्याच्यासाठी सगळ्या थरांच्या वर 'चेअरमन' नावाची खास पायरी बनवली होती. पैसे संपल्यावर प्रकरण कोर्टात गेलं, पायरी गेली. आणि त्याच कंपनीचा, जी तोवर सीझर्स झाली होती, मुख्य भाग जानेवारी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा सभासदांच्या यादीसकट या कार्ड-योजनेची किंमत लावली गेली सुमारे १ अब्ज डॉलर. हॉटेलं, झुंबरं, चाकं एकीकडे. सगळ्यात महाग वस्तू कोणती, तर निवृत्त शिक्षकांची सवय.

बरं, आता आपल्या जवळ येऊ. कारण यातलं बरंचसं गोव्यात आपल्याच माणसांवर चालतं. गंमत बघा, १९७६ मध्येच महाराष्ट्राने कॅसिनोंसाठी कायदा केला आणि १९७६ मध्येच गोव्याने जुगारबंदीचा केला. आपला कायदा कधी लागूच झाला नाही, शेवटी २०२३ मध्ये तो रद्द केला. गोव्याने मात्र बंदीच्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनसाठी आणि १९९६ मध्ये बोटींवरच्या टेबलांसाठी फट ठेवली. म्हणून आज पणजीला मांडवीत त्या दिव्यांच्या बोटी उभ्या आहेत. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे. म्हणजे ते आतिथ्य कोणासाठी? तुमच्या-माझ्यासाठी, ट्रॅव्हल्सची स्लीपर पकडून जाणाऱ्यांसाठी.

तिथल्या पॅकेजमध्ये जेवण, दारू आणि 'वन टाइम प्ले' कूपन मिळतं. हे कूपन नीट समजून घ्या. हजाराचं कूपन लाल रंगावर लावलंत. ३७ पैकी १८ वेळा लाल येणार. आलं तर हजार मिळतात, पण कूपन ते काढून घेतात. नाही आलं तर शून्य. म्हणजे हजाराच्या कूपनाची सरासरी किंमत सुमारे ४८६ रुपये. त्यात आता चिप्स विकत घेताना भरलेल्या पैशांवर जीएसटी, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष शेकडा ५ वर समाधानी होता, बिचारा.

आणि रमी ॲप? तिथे तर चाकसुद्धा नव्हतं. खेळणारे आपसात खेळायचे, ॲप प्रत्येक टेबलातून आपला कट घ्यायचं. द्यूताध्यक्षाचंच मॉडेल, फक्त दर जास्त. बाळ्याला पॉइंट्स जिंकण्याबद्दल मिळत नव्हते, हरण्याबद्दलही नाही. टेबलावर बसण्याबद्दल मिळत होते, कारण प्रत्येक बसण्यामागे कट कापला जात होता. डायमंड म्हणजे 'या माणसाने आम्हाला भरपूर कट दिला' याची पावती.

हे मी त्याला कॅनॉटला चहाच्या गाडीवर समजावलं. त्याने बँकेचं स्टेटमेंट उघडलं, मी मोबाईलवर बेरीज केली. तीन वर्षांत भरले १,८६,०००. काढले ४१,०००. मग तो बराच वेळ चहाचा कप फिरवत बसला. म्हणाला, 'म्हणजे स्पीकर एक लाख पंचेचाळीस हजाराला पडला.' मी हसलो, तो नाही हसला. मला तेव्हा हसायला नको होतं.

नंतर म्हणाला, 'पण तो वाढदिवसाचा फोन करणारा पोरगा चांगला होता रे. नाव लक्षात होतं त्याच्या, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे तेपण विचारायचा.' यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या पोराच्या स्क्रीनवर बाळ्याच्या नावाशेजारी नोट्सचा रकाना असणार, हे मला माहीत आहे. मी स्वतः असा रकाना बनवलाय. पण त्या पोराने खरंच मनापासून विचारलं नसेल, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही.

बाळ्या सध्या खेळत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, १,४५,००० पैकी पतसंस्थेचे ६०,००० फेडायचेत. तुमच्या ओळखीत कोणी यात अडकलं असेल आणि बोलायला माणूस हवा असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

डिसेंबरमध्ये आमच्या ग्रुपचं गोव्याचं ठरतंय. ग्रुपवर कोणीतरी बोटीच्या पॅकेजचा फोटो टाकला. खाली बाळ्याने लिहिलंय, 'कूपनचे अर्धेच धरा.' येणार की नाही, ते अजून कळवलेलं नाही.

पुढचा भाग रतन खत्रींवर. तुमच्या आजोबांकडे मटक्याच्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगणार नाही.